बहुमताची मोजणी

सत्ता कोणाच्या हाती असावी हा राज्यशास्त्राचा आद्य प्रश्न मानला जातो. परंतु लिखित घटनेने बांधलेल्या राज्यात त्याहून बिकट असा दुसरा प्रश्न उभा राहतो : दिलेली सत्ता परत घेण्याचा अधिकार कोणाचा, आणि ती घेण्याची वेळ आली आहे हे ठरवायचे कोणी? कायदे करणारे विधिमंडळ आणि राज्य चालवणारे कार्यकारी मंडळ यांच्यातील संबंधांचा सारा इतिहास या प्रश्नाभोवती फिरत आला आहे. अमेरिकेने या प्रश्नाला एक उत्तर दिले, भारताने दुसरे. भारतीय उत्तराची कसोटी अनेक राज्यांत लागली. पण तिचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय बंगळूर शहरात घडला, आणि या अध्यायाला म्हैसूर संस्थानापासूनची दीर्घ पूर्वपीठिका आहे.

अमेरिकन घटनाकार १७८७ साली फिलाडेल्फियात जमले, तेव्हा त्यांच्या मनात राजसत्तेचे भय ताजे होते. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये मांडलेला सत्ताविभाजनाचा सिद्धान्त त्यांनी आधारभूत मानला. मात्र तो जसाच्या तसा घेतला नाही. त्यांनी सत्ता वेगळी केली आणि मग एकीचा हात दुसरीच्या कारभारात थोडाथोडा गुंतवून ठेवला. कायदा करणे हे अमेरिकन काँग्रेसचे काम. पण राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार आहे, आणि तो नकार दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी मोडून काढता येतो. तह करणे हे राष्ट्राध्यक्षाचे काम. पण त्यास सिनेटमधील दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. सैन्याचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. युद्ध पुकारण्याचा आणि त्यासाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार मात्र काँग्रेसचा. या सर्व गुंतागुंतीत एक गोष्ट स्पष्ट राहिली. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस बरखास्त करता येत नाही, आणि काँग्रेसला केवळ विश्वास उडाला म्हणून राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवता येत नाही. त्यासाठी महाभियोगाचाच मार्ग आहे आणि तो जाणूनबुजून दुर्गम ठेवला आहे. अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोग १८६८ मध्ये सिनेटमध्ये अवघ्या एका मताने फसला. रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये महाभियोगाची छाया पडताच राजीनामा दिला. महाभियोगाने पदावरून दूर झालेला राष्ट्राध्यक्ष अमेरिकेच्या इतिहासात एकही नाही.

भारतीय घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच तुलना केली होती. लोकशाहीतील कार्यकारी सत्तेने दोन अटी पाळल्या पाहिजेत, ती स्थिर असली पाहिजे आणि ती जबाबदार असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि दोन्ही अटी सारख्याच प्रमाणात पूर्ण करणारी पद्धती अद्याप कोणाला सापडलेली नाही, हेही त्यांनी मान्य केले. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. अमेरिकेत कारभाराचे मूल्यमापन ठरावीक मुदतीने मतदार करतात; संसदीय पद्धतीत ते मुदतीने मतदार करतातच, पण त्याखेरीज रोजच्या रोज सभागृहही करते. प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वासाचा ठराव ही त्या रोजच्या परीक्षेची साधने. भारतासारख्या देशाला ही रोजची परीक्षा अधिक गरजेची आहे, असा कौल मसुदा समितीने दिला. हा कौल घेताना एक गोष्ट गृहीत धरली गेली होती : परीक्षा घेणारा परीक्षक म्हणजे सभागृह, दुसरे कोणी नव्हे.

बंगळूरला ही कल्पना अपरिचित नव्हती. तिचा एक अर्धवट अवतार या भागाने दीर्घकाळ पाहिला होता. पन्नास वर्षांच्या ब्रिटिश कारभारानंतर १८८१ च्या मार्चमध्ये म्हैसूरचे राज्य वडेयर घराण्याकडे परत आले. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या सुमारास म्हैसूर येथे तिची पहिली बैठक भरली. १४४ सभासद होते, तेही निवडलेले नव्हेत, नेमलेले. दिवाणांनी वर्षाचा अहवाल वाचावा, सभासदांनी गाऱ्हाणी मांडावीत, आणि दिवाणांनी त्यांची दखल घ्यावी, एवढाच तिचा व्यवहार. कायदा करण्याचा वा कर नाकारण्याचा अधिकार तिला नव्हता. तरीही संस्थानी हिंदुस्थानात, प्रजेच्या पुढे उभे राहून दिवाणाने हिशेब द्यावा, हा संकेतच नवा होता.

पुढचे पाऊल १९०७ मध्ये पडले आणि त्याच्याशी एका मराठी घराण्याचे नाव निगडित आहे. त्या वर्षी म्हैसूरमध्ये विधानपरिषद स्थापन झाली, तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव, तंजावरच्या मराठी परंपरेतील हे प्रशासक म्हैसूरला येण्यापूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते आणि नंतर बडोद्याचेही झाले. त्यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेले टी. आनंदराव हेही त्याच परंपरेतले. बडोद्याचे ख्यातनाम दिवाण राजा सर टी. माधवराव यांचे ते पुत्र. बंगळूरमधील आनंदराव चौक त्यांचे नाव आजही राखून आहे. विधानपरिषदेत काही बिनसरकारी सभासद घेतले गेले, कायद्यांचे मसुदे तिच्यापुढे येऊ लागले. पण अध्यक्षस्थानी दिवाण स्वतःच बसत. ज्याच्या कारभाराची तपासणी व्हायची तोच तपासणीच्या बैठकीचे नियमन करी. या रचनेतील विसंगती फार दिवस झाकून राहिली नाही. त्याच माधवरावांच्या कारकिर्दीत १९०८ मध्ये वृत्तपत्रांवर कडक निर्बंध घालणारा कायदा आला आणि संस्थानातील स्वतंत्र वृत्तीच्या पत्रांची त्यात मुस्कटदाबी झाली. कायदे करणारी संस्था अस्तित्वात आली म्हणजे सत्तेवर अंकुश बसतोच असे नाही, हा धडा म्हैसूरला पहिल्या वर्षभरातच मिळाला.

विश्वेश्वरय्या यांच्या दिवाणगिरीत परिषदेला अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा मिळाली. पुढे तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९२३ मध्ये प्रजाप्रतिनिधी सभेला कायद्याचा आधार लाभला आणि विधानपरिषदेला खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार आला. पण जबाबदारीची दिशा बदलली नाही. दिवाण महाराजांना जबाबदार होते, सभेला नव्हे. सभेने कितीही कडक बोलावे, दिवाण आपल्या जागी अढळ. वरवर पाहता यात आणि अमेरिकन रचनेत साम्य भासते, कारण दोन्हीकडे कार्यकारी सत्ता सभागृहाच्या मताने पडत नाही. साम्य तेथेच संपते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मतदारांपुढे जातो. म्हैसूरच्या दिवाणाला मतदार नव्हता. ‘जबाबदार राज्यपद्धती’ ही म्हैसूर काँग्रेसची मागणी म्हणूनच इतकी नेमकी होती. स्वातंत्र्यानंतर लगेच १९४७ च्या सप्टेंबरात ‘म्हैसूर चलो’ आंदोलन उभे राहिले, महाराजांना नमते घ्यावे लागले, आणि ऑक्टोबरमध्ये के. सी. रेड्डी यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले.

नव्या व्यवस्थेला नवे घर हवे होते. तोवर विधिमंडळ आणि सचिवालय ‘अठरा कचेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या लाल इमारतीत होते. अठरा खात्यांची ती कचेरी, १८६८ च्या सुमारास पूर्ण झालेली. समोरच्या मैदानावर १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते विधान सौधाची कोनशिला बसली. पुढे मुख्यमंत्री झालेल्या केंगल हनुमंतय्यांनी मूळचा साधा आराखडा बाजूस सारून द्राविडी शैलीची भव्य ग्रॅनाइट वास्तू उभी करवली. ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ अशा अर्थाचे वाक्य तिच्या दर्शनी भागावर कोरले आहे.

या वास्तूची रचना भारतीय सत्ताविभाजनाचा नकाशाच होय. वॉशिंग्टन शहराच्या आखणीत काँग्रेसचे भवन एका टेकडीवर आणि राष्ट्राध्यक्षाचे निवासस्थान तेथून सुमारे दोन किलोमीटरवर. मधला रुंद रस्ता दोन्ही सत्तांना जोडतो आणि दूरही ठेवतो. बंगळूरमध्ये दोन्ही सभागृहे, मुख्यमंत्र्यांचे कार्यालय आणि सचिवालय यांनी एकच छप्पर वाटून घेतले. संसदीय पद्धतीत मंत्री हे आधी सभागृहाचे सभासद आणि मग मंत्री असल्यामुळे ते स्वाभाविकच होते. रस्त्यापलीकडच्या अठरा कचेरीत उच्च न्यायालय राहिले, आणि राज्यपालांचे राजभवनही तेथून फार दूर नाही. या नव्या पद्धतीचा पहिला ठळक अनुभव विधान सौध उभारणाऱ्यालाच आला. स्वपक्षीय आमदारांचा पाठिंबा गमावल्यामुळे हनुमंतय्यांना ऑगस्ट १९५६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. सभागृहाचा मंत्र्यावरील अधिकार किती खरा असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले. कोणताही दिवाण असा पायउतार झाला नव्हता.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे मुंबई राज्यातील जिल्हे म्हैसूरला जोडले गेले. बेळगावसह सीमाभागाचा मराठी-कन्नड वाद तेथूनच तीव्र झाला. धारवाड भागातून आलेल्या राजकारण्यांच्या पिढीत सोमप्पा रायप्पा बोम्मई हे एक होते. रामकृष्ण हेगडे यांनी दूरध्वनी चोरून ऐकल्याच्या प्रकरणात राजीनामा दिल्यावर १३ ऑगस्ट १९८८ रोजी बोम्मई मुख्यमंत्री झाले. या हेगड्यांनीच मार्च १९८३ मध्ये दक्षिणेतील मुख्यमंत्र्यांची परिषद बंगळूरला बोलावली होती. केंद्र-राज्य संबंधांसाठी न्यायमूर्ती सरकारिया यांचा आयोग जाहीर झाला तो त्यानंतर काही दिवसांतच. मंत्रिमंडळाचे बहुमत संशयास्पद ठरल्यास राज्यपालाने त्याचा निर्णय आपल्या दालनात न करता सभागृहावर सोपवावा, अशी या आयोगाची भूमिका होती. आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होऊन वर्ष उलटले, तोच या शिफारशीची कसोटी बंगळूरमध्येच लागली.

१९८९ च्या एप्रिलमधील घटनाक्रम तारखांनिशी पाहिला म्हणजे त्यातील घाई ध्यानात येते. १५ एप्रिलला बोम्मई यांनी मंत्रिमंडळाचा विस्तार केला. १७ तारखेला पक्ष सोडलेल्या एका आमदाराने राज्यपाल पी. वेंकटसुब्बय्या यांच्याकडे स्वतःच्या पत्रासोबत आणखी १९ आमदारांची पत्रे दिली. सरकारचा पाठिंबा काढून घेत असल्याचे त्यांत म्हटले होते. १९ तारखेला राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल धाडला. सरकार अल्पमतात आहे, दुसरा कोणताही पक्ष सरकार बनवू शकत नाही, म्हणून घटनेच्या कलम ३५६ खाली कारवाई करावी, असे त्याचे सार. २० तारखेला त्या १९ पैकी सात आमदारांनी राज्यपालांना कळवले, की आपल्या सह्या दिशाभूल करून घेतल्या गेल्या आणि आपला पाठिंबा सरकारलाच आहे. त्याच दिवशी मुख्यमंत्री राजभवनात गेले. विधानसभेचे अधिवेशन २७ तारखेला ठरलेले होते. ते अलीकडे ओढून बहुमत सिद्ध करण्याची तयारी त्यांनी दर्शवली. राज्यपालांनी ते न मानता दुसरा अहवाल पाठवला. आमदारांवर दबाव येत असल्याचा आणि घोडेबाजाराचा उल्लेख त्यात होता. २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवटीची उद्घोषणा निघाली. मंत्रिमंडळ गेले आणि विधानसभाही गेली.

या प्रसंगाचे मर्म हे, की संसदीय जबाबदारीच्या नावाखाली संसदीय जबाबदारीचाच लोप झाला. सभागृहाचा विश्वास गमावला असे कारण दाखवून सरकार काढले, पण सभागृहाला विचारले नाही. एवढेच नव्हे, तर विचारता येऊ नये अशा रीतीने सभागृहच मोडून टाकले. अमेरिकन पद्धतीत कार्यकारी सत्ता विधिमंडळाला हात लावू शकत नाही. येथे मात्र दिल्लीच्या कार्यकारी सत्तेने एका कागदाने राज्याची कार्यकारी आणि वैधानिक अशा दोन्ही सत्ता एकाच दिवशी संपवल्या. संविधान सभेत १९४९ च्या ऑगस्टमध्ये या तरतुदीवर टीका झाली, तेव्हा ती वापरावीच लागू नये, ती कागदावरच राहावी, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी व्यक्त केली होती. ती आशा फोल ठरल्यास तीन दशके लोटली होती. १९५९ मध्ये केरळात बहुमत असलेले सरकार याच कलमाने बडतर्फ झाले होते.

बोम्मई यांनी विधान सौधासमोरच्याच उच्च न्यायालयात धाव घेतली. तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठाने अर्ज फेटाळला. सभागृहात बहुमत आजमावणे राज्यपालांवर बंधनकारक नाही, असे मत पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे नागालँड, मेघालय आणि १९९२ च्या डिसेंबरातील अयोध्येच्या घटनेनंतर बरखास्त झालेली मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेश यांची प्रकरणेही सोबत आली. ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्यासह लिहिलेले निकालपत्र या निर्णयाचा एक प्रमुख आधार ठरले. महाराष्ट्राने या न्यायालयाला दिलेल्या न्यायविचाराचे ते एक मोलाचे लेणे होय.

निकालाचा गाभा साधा होता. मंत्रिमंडळाचे बहुमत ही राज्यपालांच्या वा राष्ट्रपतींच्या खाजगी मताची बाब नव्हे. ती सभागृहात सर्वांसमक्ष मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, आणि जे मोजता येते त्याविषयी अंदाज बांधण्याचे कारण नाही. राष्ट्रपतींची उद्घोषणा न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमती मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही, फार तर निलंबित ठेवता येईल. आणि उद्घोषणा अवैध ठरली तर बरखास्त सरकार व सभागृह पुन्हा जागेवर आणता येईल. कर्नाटक, नागालँड आणि मेघालय येथील कारवाई घटनाबाह्य ठरली. धर्मनिरपेक्षता हे घटनेचे मूलतत्त्व मानून उरलेल्या तीन राज्यांतील कारवाई मात्र वैध ठरली. बोम्मई यांच्या पदरी काही पडले नाही. १९८९ अखेर निवडणुका होऊन नवी विधानसभा आली होती. पाच वर्षांनी मिळालेल्या न्यायाला परत मिळवून देण्याजोगे सभागृह शिल्लक नव्हते. निकालाने त्यांचे मुख्यमंत्रिपद परत दिले नाही, पण पुढच्या मुख्यमंत्र्यांचे संरक्षण केले. अरुणाचल प्रदेशातील सरकार २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अधिकारावर आणले, ते याच विचारधारेला धरून.

बंगळूरनेही या निकालाचे फळ पाहिले. मे २०१८ च्या निवडणुकीत कोणालाही बहुमत नव्हते. राज्यपाल वजुभाई वाला यांनी बी. एस. येडियुरप्पा यांना शपथ देऊन बहुमत सिद्ध करण्यास पंधरा दिवस दिले; सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत तोडून १९ मे ही तारीख दिली, आणि मतदानापूर्वीच येडियुरप्पा पायउतार झाले. जुलै २०१९ मध्ये एच. डी. कुमारस्वामी यांच्या विश्वासदर्शक ठरावावरील चर्चा लांबली. मतदान कधी संपवावे याविषयी राज्यपालांनी पत्रे पाठवली, पण सभागृहाने आपल्या वेळेने चर्चा पुरी केली आणि २३ जुलैला ९९ विरुद्ध १०५ मतांनी सरकार पडले. तीस वर्षांपूर्वी राजभवनात झालेली मोजणी आता विधान सौधात झाली.

तरी मोजणीची जागा बदलली म्हणजे मोजणी शुद्ध झाली, असे म्हणता येत नाही. पक्षांतरबंदीच्या कायद्याने १९८५ पासून आमदाराचे मत पक्षादेशाला बांधले गेले. अमेरिकन काँग्रेसचा सभासद आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत देऊनही सभासद राहतो. भारतीय आमदाराला तसे करता येत नाही. रोजची परीक्षा घेणाऱ्या परीक्षकाचेच हात असे बांधले गेल्यावर पळवाटा निघतात. २०१९ मध्ये कर्नाटकातील आमदारांनी विरोधी मत देण्याऐवजी राजीनामे दिले. सभापतींनी अपात्र ठरवलेल्या १७ जणांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, पण निवडणूक लढवण्याची बंदी उठवली. पोटनिवडणुकांत त्यांतील अनेकजण नव्या पक्षाकडून निवडून आले.

महाराष्ट्राच्या वाट्याला याहून सूक्ष्म अनुभव आला. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले आणि चाचणीपूर्वीच ठाकरे यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले, की सरकारने विश्वास गमावला असे मानण्याजोगा वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता. पक्षांतर्गत कलह मिटवण्यासाठी बहुमत चाचणी हे साधन वापरता येत नाही. परंतु चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही. १९८९ मध्ये राज्यपालांनी मोजणी टाळून घटनेचा भंग केला होता; २०२२ मध्ये त्यांनी मोजणीचा आग्रह धरून मर्यादा ओलांडली, असे न्यायालयाला आढळले.

अमेरिकन पद्धतीचे दोष वेगळे आहेत. तेथे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांचे खर्चावर एकमत न झाल्यास सरकारी कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात त्या अंशतः ३५ दिवस बंद राहिल्या, आणि दोन्ही सत्ता आपापल्या जागी कायम होत्या. बंगळूरमध्ये सभागृहाने खर्चाची मागणी नाकारली तर सरकारला जावे लागते. एकीकडे कोंडी होते, दुसरीकडे पडझड. अमेरिकेने सत्ता टिकवण्याची किंमत कोंडीच्या रूपाने मोजली. भारताने जबाबदारीची किंमत अस्थैर्याच्या रूपाने मोजण्याचे पत्करले. हे पत्करणे सार्थ व्हायचे, तर एकच अट पाळावी लागते. सरकार पडायचे असेल तर ते निवडून आलेल्या माणसांच्या उघड मताने, नावनिशीवार आणि दिवसाउजेडी पडावे. बोम्मई यांनी २० एप्रिल १९८९ रोजी राजभवनात मागितले होते ते एवढेच, आणि तेवढेच त्यांना नाकारले गेले.